नानांची रात्रीची फेरी

पत्र: काका, आम्ही चिंचवडला राहतो. घरात मी, नवरा, चौदा महिन्यांची मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही नाना म्हणतो. नाना रोज रात्री साडेदहाला घरभर फिरून एकूण एक चार्जर बोर्डातून उपटतात आणि टीपॉयवर ढीग करून ठेवतात. रिकामा चार्जर वीज खातो, त्यातून रेडिएशन निघतं, डोकं दुखतं, कॅन्सर होतो, कधीही पेट घेतो, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवर आलेलं काहीबाही दाखवतात. नवरा म्हणतो, सगळं थोतांड आहे, चार्जर राहू देत लावलेले. सकाळी माझा चार्जर शोधण्यात दहा मिनिटं जातात आणि त्यावरून रोज खटका उडतो. खरं कोणाचं? आणखी एक. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्यावर हात ठेवला की मुंग्या आल्यासारखं होतं. ते रेडिएशनच का? (एक वाचक, चिंचवड)

ताई,

इमारतींच्या वायरिंगची कामं करण्यात माझी तीस वर्षं गेली, आणि वायरमन घरात आला की घरातली जुनी भांडणं त्याच्यापुढे निवाड्याला येतातच. तेव्हा निवाडा आधी देतो, कारणं मागाहून. नानांची कारणं बहुतेक कच्ची आहेत, पण तुमच्या घरात त्यांची सवय योग्य आहे. नवऱ्याचं गणित बरोबर आहे, पण त्या गणितात चौदा महिन्यांची मुलगी धरलेली नाही.

आधी विजेचं बघू, कारण ते सोपं आहे. फोन न जोडता नुसता बोर्डात बसलेला चांगल्या कंपनीचा चार्जर साधारण ०.१ वॅट घेतो. युरोपात २०२० पासून फोनच्या चार्जरला रिकाम्या अवस्थेत याहून जास्त वीज घ्यायला बंदीच आहे, आणि मोठ्या कंपन्या बहुधा एकाच डिझाइनचा माल सगळीकडे विकतात. ०.१ वॅट म्हणजे वर्षभरात एक युनिटसुद्धा पुरं होत नाही. तुमच्या घरात असे पाच चार्जर धरले तर वर्षाला साडेचार युनिट. दोन किलोवॅटचा गिझर सव्वादोन तासांत तेवढी वीज संपवतो. म्हणजे वर्षभरात सगळ्यांनी मिळून गिझर सव्वादोन तास कमी चालवला की चार्जरचा हिशेब फिटला. या मुद्द्यावर नाना हरले, असं त्यांना सांगायला माझी हरकत नाही.

मात्र त्यांना हरवताना टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सला हात लावून बघा. रिमोटने बंद केल्यावरही तो कोमट असतो. माझ्या घरचा मी मोजला, तर ‘बंद’ असताना ९ वॅट घेत होता. वर्षाचे जवळजवळ ८० युनिट. नानांना फेरीच मारायची आहे ना? तिथून सुरुवात करायला सांगा. घरात कुठे जुना, हाताला जड लागणारा ॲडॉप्टर असेल, जुन्या कॉर्डलेस फोनचा किंवा कॅसिओचा असायचा तसा, तर तोही रिकामा असताना गरम राहतो आणि दोन-अडीच वॅट घेतो. चार्जर वीज खातो ही समजूत त्या काळातली आहे, आणि त्या काळात ती खरी होती. नानांचं वय बघता ती त्यांच्या डोक्यात असणं साहजिक आहे.

आता रेडिएशन. या एका शब्दात लोक दोन वेगळ्या गोष्टी कोंबतात. फोन टॉवरशी बोलतो तेव्हा रेडिओ लहरी सोडतो. रिकामा चार्जर कोणाशी बोलत नाही. त्याच्याभोवती असतं ते कुठल्याही चालू वायरीभोवती असतं तसं ५० सायकलचं, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा हेलकावणारं, विद्युत-चुंबकीय क्षेत्र, आणि तेही वीतभर अंतरावर इतकं क्षीण होतं की घरातल्या इतर वायरिंगमधून वेगळं काढता येत नाही. कॅन्सरची बातमी कुठून आली तेही सांगतो, कारण ती अगदीच हवेतून आलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली अशा क्षेत्रांना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. आधार होता तो लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासांचा, आणि त्यात प्रश्न होता अशा घरांचा, जिथे दिवसरात्रीची सरासरीच ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचं माप) वर असते. भिंतीतल्या चार्जरमुळे घराची सरासरी तिथवर जात नाही. केस वाळवायचा ड्रायर आपण कानाशी धरतो, त्याचं क्षेत्र याच्या कितीतरी पट असतं. फोनच्या रेडिओ लहरींना त्याच संस्थेने २०११ साली त्याच गटात ठेवलं होतं. पुढे २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. म्हणजे ज्या फोनमधून खरोखर लहरी निघतात त्याची ही गत, मग चार्जर बिचारा कुठे राहिला. नानांचं डोकं दुखत असेल तर रात्री किती वाजेपर्यंत ते फॉरवर्ड वाचत बसतात ते आधी बघा.

इथवर वाचून तुमचे यजमान खूश झाले असतील. आता त्यांना जवळ बसवा.

गेल्या महिन्यात मी दोन चार्जर फोडले. एक फोनबरोबर आलेला, दुसरा स्टेशनबाहेरच्या गाडीवरचा, साठ रुपयांचा. बाहेरून दोघे जुळे भाऊ, पण हातात धरताच दुसरा पोकळ लागतो. आतलं काम दोन्हीकडे एकच. भिंतीतली २३० व्होल्ट वीज एका बाजूने येते, आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडून पाच व्होल्ट होऊन फोनकडे जाते. सगळा जीव या दोन बाजूंच्या मधल्या अंतरात आहे. चांगल्या चार्जरमध्ये दोन्हींच्या मध्ये पाच-सहा मिलिमीटरची मोकळी पट्टी सोडलेली होती, पट्टीत आरपार चीर कापलेली, ट्रान्सफॉर्मरवर पिवळ्या टेपचे वेढे, आणि आत शिरतानाच एक फ्यूज. साठवाल्यात ते अंतर जेमतेम दीड मिलिमीटर. टेप एक वेढा, तोही सुटत आलेला. फ्यूजच्या जागी नुसती तार. अशा चार्जरमध्ये ओल शिरली, मुंगी गेली, डाग लावताना उडालेला शिशाचा कण हलला, की भिंतीतली वीज सरळ वायरीच्या टोकाशी येऊन उभी राहते. फोन लावलेला असो की नसो.

आणि ते टोक तुमच्या मुलीच्या उंचीवर लोंबतं आहे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये कारवारजवळच्या एका गावात आठ महिन्यांच्या मुलीने चार्जरच्या वायरचं टोक तोंडात घातलं. फोन काढून घेतलेला होता, बोर्डाचं बटण चालूच राहिलं होतं. मुलगी गेली. पाच व्होल्टने असं होत नाही. त्यासाठी भिंतीतली वीज टोकापर्यंत पोचावी लागते, आणि ओलं तोंड असलं की कोरड्या हातापेक्षा ती कितीतरी सहज अंगात शिरते. मी हे घाबरवायला लिहीत नाही. चौदा महिन्यांचं मूल जग तोंडाने ओळखतं, आणि नव्या फ्लॅटमध्ये बिल्डर पलंगाशेजारचे पॉइंट फूटभर उंचीवर देतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की नवऱ्याचं ‘राहू देत लावलेले’ तुमच्या घरात बसत नाही. मूल मोठं झालं की वाटल्यास राहू देत.

आगीचं काय? नानांना वाटतं रिकामा चार्जर पेटतो. खरं तर ज्यातून जवळपास काही वाहत नाही, त्यात तापायला फारसं काही नसतं. उष्णता तयार होते ती चार्जिंग चालू असताना, आणि तीही बहुतेक वेळा चार्जरपेक्षा बॅटरीत किंवा ढिल्या सॉकेटमध्ये. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईला एका घरात रात्रभर चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि तिथेच झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून गेला. रात्री फेरी मारायचीच तर नानांनी उशीखाली किंवा गादीवर चार्जिंगला पडलेले फोन शोधावेत. फोन फरशीवर नाहीतर टेबलावर, अंगावर काही न झाकता. ई-स्कूटरची बॅटरी घरात आणत असाल तर ती दिवसा, जागेपणी, आणि बाहेर पळायच्या वाटेत न ठेवता चार्ज करा.

आणि एक गंमत बघा. चार्जरला घाबरणाऱ्या बहुतेक घरांत डासांचं लिक्विडचं मशीन कायम बोर्डात असतं. त्यात चक्क एक हीटर असतो, आणि त्याचं कामच तापणं आहे. ते दिवसभर पडद्याला टेकून चालू, आणि लक्ष मात्र चार्जरवर.

रिकामा चार्जर बंद ठेवायला एक चांगलं कारण आहे, पण ते व्हॉट्सॲपवर येत नाही. आपल्या घरात येणारी वीज तीन फेजपैकी, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी, एकीची, आणि तिच्या जोडीला न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार. वळवाच्या पावसात फांदी पडली, किंवा इमारतीच्या मीटरपेटीतला न्यूट्रलचा जोड जळला, की घरातले २३० व्होल्ट बघता बघता ३५०-४०० च्या घरात जातात. वायरमन म्हणतो, ‘न्यूट्रल गेला’. एका सोसायटीत मे महिन्यात संध्याकाळी मला बोलावणं आलं तेव्हा जिन्यातच जळक्या वार्निशचा वास भरला होता. प्रत्येक मजल्यावर टीव्ही गेलेले, एका घरात फ्रिज, आणि चार्जर तर मक्याच्या लाह्यांसारखे फुटलेले. त्याचं कारण साधं आहे. चार्जरच्या तोंडाशी जो कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो तो साधारण ४०० व्होल्ट झेलायच्या मापाचा असतो. २३० व्होल्ट एसीचे, म्हणजे सतत वरखाली होणाऱ्या विजेचे, त्याच्यापर्यंत शिखराचे ३२५ होऊन पोचतात, तिथवर ठीक. ४०० चे मात्र ५६५ होतात, मग तो फुटतोच. ज्या घरांनी बटणं बंद ठेवली होती त्यांचे चार्जर जसेच्या तसे. वीज कडाडायला लागली की बटणं बंद करायची ही आजीची शिस्त आजही खरी आहे.

इथे ‘बटण’ म्हणालो, ‘उपटून काढणं’ नाही, हे नानांना नीट सांगा. रोज पिन ओढल्याने सॉकेटमधल्या पितळी पात्या फाकतात. त्यात आपल्या चार्जरच्या पिना मुळात बारीक, चारेक मिलिमीटरच्या, आणि सॉकेट जाड पिनांनाही घेणारं. म्हणून तर चार्जर बोर्डातून मान टाकून लोंबत असतो. असा ढिला चार्जर चार्जिंगच्या वेळी आतल्या आत ठिणग्या टाकतो, आणि काही महिन्यांनी सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी कडं दिसायला लागतं. हे कडं दिसलं की तो पॉइंट वापरणं त्याच दिवशी थांबवा. सॉकेट बदलायला शे-दोनशेचा खर्च आहे. चार्जर लावताना बटण बंद करूनच लावा. चालू बटणावर पिन घातली की ‘टच्’ असा आवाज होऊन बारीक ठिणगी दिसते, ती रिकामा कपॅसिटर एका दमात भरतो त्याची. एका वेळेने काही होत नाही, रोज केलं की पिना काळ्या पडतात.

बटण बंद केलं म्हणजे वीज तुटली असं आपण धरून चालतो. जुन्या इमारतीत ते तपासून घ्या. काही वायरमन, आणि मी अशांची कामं निस्तरली आहेत, बटण फेजवर न टाकता न्यूट्रलवर टाकतात. तेव्हा बटण बंद, दिवा बंद, पण सॉकेटमध्ये फेज तसाच हजर. वायरमनला बोलावून एवढंच सांगा, ‘बटणं बंद ठेवून सगळ्या पॉइंटला टेस्टर लावून दाखव.’ बटण बंद असताना कुठल्याही भोकात टेस्टर पेटला तर तो पॉइंट उलटा आहे. दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्याच दहा मिनिटांत तुमच्या लॅपटॉपचंही निदान होईल.

लॅपटॉपच्या मुंग्यांचा रेडिएशनशी संबंध नाही, त्या विजेच्याच आहेत. ॲडॉप्टरच्या दोन बाजूंमध्ये एक लहानसा निळा कपॅसिटर मुद्दाम जोडलेला असतो. रेडिओ-टीव्हीला खरखर होऊ नये म्हणून तो लागतो, आणि त्याच्यातून अगदी किंचित वीज पलीकडे झिरपते. चांगल्या दोन पिनांच्या चार्जरमध्ये ती पाव मिलिॲम्पियरच्या आत ठेवावी लागते. धातूच्या अंगावरून मनगट अलगद फिरवलं की तेवढीही जाणवते. त्याने इजा होत नाही. तीन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये हीच वीज अर्थिंगमधून निघून जायला हवी. म्हणून तुमचा ॲडॉप्टर तीन पिनांचा असूनही मुंग्या येत असतील तर बहुधा दोनपैकी एक झालं आहे: मध्ये कोणीतरी दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला आहे, किंवा त्या पॉइंटला अर्थिंगच नाही. दुसरं असेल तर लॅपटॉप सोडा, त्याच वायरिंगवरच्या वॉशिंग मशीनची आणि गिझरची काळजी करा. मुंग्यांऐवजी सणसणीत झटका बसला तर मात्र तो ॲडॉप्टर पुन्हा लावू नका.

वायरमन आलाच आहे तर मेन बोर्डात आरसीसीबी आहे का ते विचारा. पुष्कळ जण तिला अजून ईएलसीबीच म्हणतात. लोकांना वाटतं एमसीबी आहे म्हणजे माणूस वाचतो. एमसीबी वायर वाचवते. १६ ॲम्पियरची एमसीबी माणसाच्या अंगातून जाणाऱ्या विजेकडे ढुंकून बघत नाही, कारण जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी पुरते. आरसीसीबी गेलेली आणि परत आलेली वीज ताडून बघते, आणि ३० मिलिॲम्पियरचा फरक पडला की क्षणात तोडते. वायरीचं टोक तोंडात घातलेल्या मुलाला वाचवू शकेल अशी घरात ही एकच वस्तू आहे. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. हे काम नानांना द्या. ते विसरणार नाहीत.

बाकी तुमच्या घरापुरतं असं करा. चार्जरची एकच जागा ठरवा, ओट्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर, मुलीचा हात पोचणार नाही अशी. सगळे फोन तिथेच चार्ज होतील. फोन काढला की आधी बटण बंद, मग वायर गुंडाळून वर. म्हणजे सकाळी शोधाशोधही नको. खालचे पॉइंट जुने असतील तर भोकं आतून झाकणारं शटर असलेली सॉकेट बसवून घ्या. रात्री साडेदहाला नाना फिरतील, पण बटणं बघायला. पिना उपटायच्या नाहीत आणि टीपॉयवर ढीग घालायचा नाही, असा तह करून टाका. हात लावल्यावर रिकामा चार्जर गरम लागला, बारीक गुणगुणला किंवा वास आला, तर तो बाद. चुकून एखादा धुमसायला लागलाच तर पाणी न मारता मेन बंद करा. आणि देव न करो, मुलाला शॉक बसलाच तर धावत जाऊन त्याला धरू नका. आधी मेन पाडा, मग उचला, आणि १०८ ला फोन करा.

नवा चार्जर घेताना त्याच्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि खाली ‘आर’ या अक्षरापुढे आठ आकडे आहेत का बघा. २०१२ च्या सरकारी आदेशापासून अशा ॲडॉप्टरना ही नोंदणी सक्तीची होत गेली आहे. खूण छापणं कोणालाही जमतं, म्हणून तो नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघा. ज्या कंपनीचं नाव चार्जरवर आहे तिचंच नाव आणि तीच वस्तू समोर आली पाहिजे. दुकानदाराच्या समोरच करा. माझ्या अनुभवात निम्मे दुकानदार तेवढ्याने आतून दुसरा डबा आणतात.

टीपॉयवरच्या ढिगात जो हलका, बिनखुणेचा चार्जर सापडेल तो घरकामाला येणाऱ्या मावशींना किंवा वॉचमनला देऊ नका. हे मी घरोघरी बघितलं आहे. आपल्याला नको झालेला चार्जर ‘चालतोय अजून’ म्हणून त्यांच्या हातात जातो, आणि त्यांच्याही घरी रांगणारी पोरं असतात. त्याची वायर कात्रीने कापा, बोर्डात लावलेला असताना नव्हे, काढल्यावर, आणि मग ई-कचऱ्यात टाका.